चाकांवरचा संसार – पण किती किलोचा?

दिवाळीचा फराळ संपता संपता आमच्या घरात एक नवीनच खूळ शिरलं. एका रविवारी ह्यांनी आणि आमच्या धाकट्या भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर एक वही उघडली आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं – 'स्पीती, मे महिना, स्वतःच्या गाडीनं!' त्याखाली मग यादी सुरू झाली. छतावर तंबू, बाजूला कनात, पुढे लोखंडी गार्ड, मागे फ्रिज, फ्रिजसाठी वेगळी बॅटरी… जेवणं थंड झाली, पण यादी काही थांबेना.

खरं सांगायचं तर बेत मलाही आवडला होता. मुलीची दहावी संपणार होती आणि जूनमध्ये ती पुण्याला वसतिगृहात जाणार होती. चौघांनी मिळून एवढी मोठी सुट्टी पुन्हा कधी मिळेल, कोण जाणे! पण यादीच्या शेवटी भाऊजींनी जो आकडा मांडला तो होता तीन लाख चाळीस हजार. मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही जे बाजूला टाकत आलो होतो, त्यातला मोठा वाटा त्यात गेला असता. मी नुसतं म्हटलं, "अहो, वही माझ्याकडे द्या बघू दोन दिवस."

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "आम्ही बैलगाडीनं पंढरपूरला जायचो, तेव्हा मामंजी आधी बैलांकडे बघायचे, मग सामानाकडे. तुम्ही यादीत सगळं लिहिलंत, पण ओढणाऱ्याला विचारलंत का?"

मैत्रिणींनो, पुढे मी जो काही हिशेब केला तो सगळा ह्या एका वाक्याचा विस्तार होता. हल्ली आपल्या गावांतूनही पुष्कळ कुटुंबं स्वतःच्या गाडीनं लांबच्या प्रवासाला निघतात. अशा वेळी गाडीची तयारी म्हणजे पुरुषमंडळींचं काम असं समजून आपण चिवडा-लाडूंच्या मागे लागतो. पण गाडीची तयारी आणि घराची मांडणी ह्यांत मला तरी फारसा फरक दिसला नाही. मोजकी जागा, मोजके पैसे आणि हट्ट करणारी माणसं दोन्हीकडे सारखीच!

आधी वाट, मग गाडी

दुकानात गेल्यावर काय स्वयंपाक करायचा ते ठरवणारी बाई पस्तावते. तसंच गाडीचं. कुठे जायचं, किती दिवस, कोणत्या महिन्यात आणि रात्री झोपायचं कुठे, ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा विकत घ्यायचा नाही, असं मी सांगितलं.

स्पीतीला जायच्या वाटा दोन. एक मनालीकडून, कुंझुम खिंडीतून. ती खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि बर्फामुळे मे महिन्यात बहुधा बंदच असते. दुसरी सिमल्याकडून, किन्नौरमधून, सतलजच्या काठानं. ही लांबची, पण चढण हळूहळू येते. कल्पा सुमारे २,९०० मीटर, ताबो सुमारे ३,३०० आणि काझा सुमारे ३,६५० मीटर. विरळ हवेची बाधा टाळायची तर तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त उंच नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. मुलं बरोबर असताना हीच वाट शहाणपणाची. शिवाय ह्या प्रत्येक गावात राहायला घरगुती खोल्या मिळतात आणि गरम जेवणही मिळतं. ताबोचा मठ तर इसवी सन ९९६ मधला. तिथे हजार वर्षं माणसांचा राबता आहे, तो काही निर्जन मुलूख नव्हे.

हे कळल्याबरोबर छतावरचा तंबू यादीतून आपोआप गेला. गाडीत झोपायचं ते फक्त अडकलो तर, एखादी रात्र. त्यासाठी चार जाड पांघरुणं आणि मागे कलणाऱ्या खुर्च्या पुरतात.

डिझेलच्या दोन कॅनचंही तसंच. आमच्या गाडीची टाकी पन्नास लिटरची. डोंगरात लिटरला दहा किलोमीटर धरले तरी पाचशे किलोमीटर झाले. किन्नौरमध्ये पोवारीला पंप आहे, पुढचा काझ्याला. मधलं अंतर साधारण दोनशे किलोमीटर. मग छतावर डिझेल बांधून मुलांच्या डोक्यावर ठेवायचं कशासाठी? ह्यांनी स्वतःच पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली.

वजनाचा हिशेब

आता सासूबाईंच्या बैलांकडे वळू. प्रत्येक गाडीला कारखान्यानं एक कमाल वजन ठरवून दिलेलं असतं. गाडी, माणसं आणि सामान धरून त्याच्या वर जायचं नाही. हा आकडा गाडीवरच्या धातूच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात सापडतो. रिकाम्या गाडीचं वजन नोंदणीपुस्तकात असतं. दोन्हींची वजाबाकी केली की आपल्या हाती काय उरतं ते कळतं. तिसरीच्या मुलालाही जमेल असं गणित आहे, पण आमच्या ओळखीत गाडीवर लाखभर खर्च केलेल्यांपैकी एकानंही ते केलेलं नव्हतं.

आमच्या आठ वर्षांच्या डिझेल गाडीचं कमाल वजन २,२०० किलो, रिकामं १,६५०. उरले ५५०. आम्ही चौघं मिळून २२५. म्हणजे सामानाला राहिले ३२५ किलो.

आता वहीतली यादी पाहा. छतावरचं कॅरिअर ४५, तंबू ६५, कनात २०, लोखंडी गार्ड आणि विंच ७५, डिझेलचे कॅन ४२, पाणी ६०, जादा बॅटरी ३०, फ्रिज भरून ३०, प्लायवूडचे कप्पे ७०, स्वयंपाकाचं सामान २५, दुसरी स्टेपनी २५, कपडे-अंथरूण ५०, हत्यारं २०. बेरीज ५५७! म्हणजे २३२ किलो जास्त. चौघांच्या जागी आठ माणसं बसवून घाट चढायचा, असाच त्याचा अर्थ.

जास्त वजनानं काय होतं? ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, उतारावर ते तापतात, टायर तापतात, पाटे बसतात. आणि वजन छतावर असेल तर वळणावर गाडी कलते. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. तोच हंडा कमरेवर घेतला की तोल सोपा होतो.

एक वस्तू गेली की तिच्या मागच्या तीन जातात

खर्चाच्या वस्तू एकट्या येत नाहीत, गोतावळा घेऊन येतात. आमच्या फ्रिजचं उदाहरण सांगते. गाडीचा छोटा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट वीज घेतो. मैदानातल्या उन्हाळ्यात तो चोवीस तासांपैकी दहा तास चालला तर झाले ४५० वॅट-तास. शंभर अँपिअर-तासांच्या बारा व्होल्ट बॅटरीत १,२०० असतात, पण साधी शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणजे वापरायला ६०० मिळाले. सव्वा दिवसाचं काम झालं, पण गाडी एका जागी राहिली तर पुढे काय? म्हणून छतावर सौर पत्रा. पत्र्यासाठी कॅरिअर. आणि त्या सगळ्यांना जोडायला जाड वायरी, फ्यूज, कारागिराची मजुरी.

मी विचारलं, "फ्रिजमध्ये ठेवायचं काय?" उत्तर आलं, "दूध, लोणी, थंड पाणी." काझ्यात मे महिन्यातल्या रात्री थंड पाणी प्यायची हौस कुणाला असेल? घरात इन्सुलिनसारखं थंडच ठेवावं लागणारं औषध कुणाला असतं, तर मी फ्रिजला पहिली जागा दिली असती. आम्हाला ती गरज नव्हती. फ्रिज गेला, त्यामागून बॅटरी, सौर पत्रा आणि कॅरिअर गेलं. सव्वाशे किलो वजन आणि लाखाच्या आसपास खर्च एका दुपारी कमी झाला.

ज्यांना खरोखरच दुसरी बॅटरी लागते त्यांनी एवढं जरूर पाहावं – फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, पहिल्या हातभर वायरीच्या आत हवा. वायर कुठे पत्र्याला घासून सोलली तर आग लागू नये म्हणून तो असतो. लांब जाऊन बसवलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

कप्प्यांचीही गंमतच. आमच्या सुतारानं अठरा मिलिमीटरचा प्लाय सुचवला, 'मजबूत होईल ताई!' आठ फूट बाय चार फुटाचा तसला एक पत्रा तीस-पस्तीस किलोचा भरतो. दोन पत्रे म्हणजे एक माणूस! त्याऐवजी मी भाजीबाजारातून प्लास्टिकचे चार क्रेट आणले. प्रत्येकी दोन किलो. एक स्वयंपाकाचा, एक खाऊचा, एक हत्यारांचा आणि एक औषधं व पावसाळी कपड्यांचा. क्रेट मुक्कामी उचलून खोलीत नेता येतो, धुता येतो आणि परत आल्यावर कांदे-बटाटे ठेवता येतात. पट्ट्यांनी ते मागच्या कड्यांना घट्ट बांधले. एवढी काळजी मात्र हवीच. जोरात ब्रेक लागला तर मोकळा डबा पुढच्यांच्या डोक्यावरच येतो.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत

काटकसर म्हणजे सगळीकडे कात्री नव्हे. आमचा एकूण खर्च झाला अडतीस हजार. त्यातले निम्म्याहून जास्त टायरांवर गेले. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. आमच्या टायरांवर नक्षी दिसत होती, पण वय झालं होतं आणि बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या. बाकीचे पैसे गेले ब्रेकची तपासणी, ब्रेकचं तेल, पंख्याचा पट्टा, कूलंट, हवा भरायचा छोटा पंप, पंक्चरचं साहित्य आणि ओढायची दोरी यांवर. शेजारणीला दाखवण्यासारखं त्यात एकही नव्हतं, हे खरं!

कायद्याची बाजू

लोखंडी गार्डवर भाऊजींचा फार जीव होता. पण २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं असे गार्ड लावणाऱ्या गाड्यांवर कारवाई करायला राज्यांना कळवलेलं आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा आणि आतल्या माणसांना बसणारा दणका कमी व्हावा, अशी त्याची रचना असते. गार्ड त्या रचनेतच आडवा येतो, एअरबॅगच्या कामात बिघाड करू शकतो आणि रस्त्यावरच्या माणसाला जास्त लागतं ते वेगळंच.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ५२ ही वाचून ठेवावं. कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. तेव्हा खुर्च्या कायमच्या काढणं, छत कापणं, सांगाडा वाढवणं असल्या गोष्टींना हात घालण्यापूर्वी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं. गॅरेजवाल्याच्या 'काही होत नाही हो' ह्या शब्दावर विम्याचे पैसे मिळत नाहीत.

स्वयंपाकघर कुणाचं?

आता माझ्या मनातली गोष्ट. भाऊजींच्या वहीत गाडीच्या मागच्या दारात घडीचा ओटा, दोन शेगड्या, सिंक असं सगळं होतं. चित्र फार सुरेख होतं. पण त्या ओट्यापाशी उभं कोण राहणार होतं? तिघं हिमालय बघणार आणि मी फोडणी बघणार! घरातला ओटा दोन हजार किलोमीटर ओढत नेऊन पुन्हा त्याच्याचपुढे उभं राहायचं, ह्याला मी सुट्टी म्हणत नाही.

हे मी जेवताना शांतपणे बोलले. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, "आई, चहा आणि नाश्त्याचं मी बघेन." ठरलं ते असं – सकाळ आणि रात्र जिथे उतरू तिथलं जेवण. दुपारी बरोबरचं कोरडं. सामान बांधणं मुलाकडे, पाणी आणि टायरची हवा ह्यांच्याकडे, हिशेब माझ्याकडे. एक छोटी शेगडी आणि एक तीन लिटरचा कुकर, अडीअडचणीपुरता.

कुकर का, तेही सांगते. उंचावर पाणी कमी तपमानाला उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. काझ्याला ते अठ्ठ्याऐंशीच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवत बसलात तरी ती टणक ती टणकच. म्हणून मी कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजलेला रवा आणि शेंगदाण्याची चटणी नेली. शेगडीचे गॅसचे डबे मात्र इथून नेले नाहीत. मे महिन्यात बंद गाडीचं तपमान पन्नास अंशांच्या वर सहज जातं, आणि तेवढी उष्णता ह्या डब्यांना चालत नाही. ते आम्ही डोंगराच्या पायथ्याशी घेतले.

तालीम

निघण्यापूर्वी तीन आठवडे आम्ही सगळं सामान भरून एका शनिवार-रविवारी जवळच्या घाटात जाऊन आलो आणि येताना वजनकाट्यावर गाडी उभी केली. कागदावर आमचं सामान १६० किलो, म्हणजे गाडी २,०३५ भरायला हवी होती. काटा म्हणाला २,०९०! पंचावन्न किलो कुठून आले? घरी येऊन झडती घेतली. ह्यांच्या घडीच्या दोन खुर्च्या आणि कॅमेऱ्याचा स्टँड, मुलाची बॅट आणि गोष्टींची पुस्तकं, मुलीचे दोन जादा बूट… आणि माझे फराळाचे डबे, चांगले बारा किलोंचे! सगळ्यांसमोर मी त्यातले सात किलो काढून ठेवले. चिवडा सासूबाईंच्या भिशीत संपला.

ती रात्र

प्रवासाच्या आठव्या दिवशी, खाबचा संगम ओलांडून नाकोच्या चढाला लागलो आणि समोर दरड पडली. संध्याकाळचे पाच. मागे-पुढे दहा-बारा गाड्या. सकाळशिवाय रस्ता मोकळा होणार नाही, असं कळलं. अंधार पडला तसा वारा सुटला. मुलगा कुडकुडायला लागला. हे म्हणाले, "अगं, शेगडी पाच मिनिटं आत पेटव. काच जराशी उघडी ठेवू."

मी नाही म्हटलं. बंद जागेत शेगडी पेटली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपण्यातही तोच धोका. हे मला माहीत होतं, ह्यांनाही होतं. पण थंडीत लेकरू कुडकुडताना माहीत असलेलं विसरायला होतं, म्हणून हा नियम घरीच ठरवून, क्रेटच्या झाकणावर लिहून ठेवला होता. मी ते झाकण ह्यांच्यापुढे धरलं. ते काही बोलले नाहीत. शेगडी घेऊन खाली उतरले, गाडीच्या आडोशाला पेटवली आणि कुळथाचं पिठलं स्वतः हलवलं. गरम पाण्याच्या बाटल्या करून मुलांच्या पांघरुणात ठेवल्या.

आमच्या मागच्या गाडीत एक वयस्कर जोडपं होतं. त्यांच्याजवळ प्यायला पाणी उरलं नव्हतं. आमचं तीस लिटर पाणी एका टाकीत नव्हतं, दहा-दहा लिटरच्या तीन कॅनमध्ये होतं. मुलानं त्यातला एक उचलून त्यांना नेऊन दिला. टाकी असती तर काय दिलं असतं? पिठलंही सहा जणांत वाटलं गेलं. सकाळी सातला रस्ता उघडला.

पुढे ताबो पाहिलं, काझा पाहिलं, तिथल्या निळ्या आभाळाखाली माझी लेक तासभर नुसती बसून होती. तिच्या वसतिगृहाचे पैसे जागच्या जागी होते. घरी पोचल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बैल दमले का?" ह्यांनी हसून सांगितलं, "नाही आई. ओझं तुमच्या सुनेनं काढून ठेवलं होतं."

लक्षात ठेवाव्या अशा गोष्टी

• आधी मार्ग, महिना आणि मुक्काम ठरवा. वस्तूंची यादी त्यानंतर.

• कमाल वजनातून रिकामं वजन आणि माणसांचं वजन वजा करा. उरेल त्यातलेही शंभर किलो मोकळे ठेवा.

• जड वस्तू खाली आणि मागच्या खुर्चीला लागून. छतावर काही ठेवलंच तर हलकं.

• पाणी लहान कॅनमध्ये. एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरू नका.

• प्रत्येक वस्तूला विचारा – हिच्यामागे आणखी काय काय येणार आहे?

• शेगडी गाडीबाहेरच पेटेल, हा नियम घरीच लिहून ठेवा.

• सामान भरून एक तालीम आणि वजनकाट्याची एक फेरी.

• आणि मैत्रिणींनो, कामांची वाटणी निघण्यापूर्वी. गाडीत सगळ्यांना जागा असते, तशी सुट्टीतही सगळ्यांना असायला हवी.